पिकनिक, बोनस, भिंतीवर फोटो, सगळं दिलं तरी माणसं का जातात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की साकीनाक्याला तुमचं गोदाम आणि वरच्या मजल्यावर ऑफिस, मिळून ४२ माणसं, त्यांच्यावर दोन सुपरवायझर, पगार वेळेवर, दिवाळीला बोनस, वर्षातून एकदा लोणावळ्याला पिकनिक, भिंतीवर दर महिन्याला एम्प्लॉयी ऑफ द मंथचा फोटो, आणि तरी दहा महिन्यांत १४ जण सोडून गेले, जे उरलेत ते पण सहा कधी वाजतात याकडे डोळे लावून बसतात. आणि शेवटी विचारलंय की मोटिवेशनल स्पीकर बोलवू का, एकाने दोन तासांचे ४० हजार सांगितलेत.

नका बोलवू. त्या पैशात गोदामाला एक्झॉस्ट फॅन बसवा, पत्र्याखाली मे महिन्यात माणूस कसा उकडून निघतो ते एकदा दुपारी दोन वाजता खाली उभं राहून बघा. मी स्वतः असे तीन-चार स्पीकर आणलेत म्हणून सांगतोय. लोक हसतात, टाळ्या वाजवतात, सेल्फी काढतात, समोसा खातात, आणि दुसऱ्या दिवशी त्याच अर्ध्या बंद पडलेल्या स्कॅनरपाशी येऊन उभे राहतात. स्पीकर चांगलाच बोललेला असतो हो, पण त्याच्या हातात काहीच नसतं, स्कॅनर तुमच्या हातात असतो.

मी या लाइनमध्ये १९९६ पासून आहे. रबाळ्याच्या एका कारखान्यात टाइम ऑफिसला क्लार्क म्हणून लागलो, हजेरीचं मस्टर, ओव्हरटाइमचा हिशोब, कॅन्टीनची कुपनं असलं सगळं, मग भिवंडीच्या गोदामात एचआर बघितलं, मग पवईच्या एका ऑफिसात नऊ वर्षं. माणसं का टिकतात आणि का जातात याबद्दल मला जे काही कळलं त्यातलं निम्मं एका माणसाने शिकवलं, आणि त्याला ते आजही माहीत नाही.

भिवंडीला आमच्याकडे डिस्पॅचला एक क्लार्क होता, त्याचं नाव नको. सुपरवायझरच्या मते एक नंबरचा ढ. सांगितलं तेवढंच करणार, स्वतःहून काही नाही, मीटिंगमध्ये कोपऱ्यात खाली मान घालून. अप्रेझलच्या फॉर्मवर दोन वर्षं सलग लिहिलेलं, इनिशिएटिव्ह नाही. मग एका वर्षी गणपतीत मी बहिणीकडे भांडुपला गेलो, रात्री त्यांच्या इथल्या मंडळाच्या दर्शनाला गेलो, तर हा माणूस मंडपाच्या मागे टेबल टाकून बसलेला, समोर वही, कानाला फोन, एकाला जनरेटरचं डिझेल सांगतोय, दुसऱ्याला रात्रीच्या पहाऱ्याच्या पाळ्या लावून देतोय, तेवढ्यात डेकोरेटरवाला आला त्याच्याशी पैशावरून घासाघीस. मेहुण्याला विचारलं तर म्हणाला अरे हाच तर सगळं बघतो, वर्गणी, पोलिसांची आणि पालिकेची परवानगी, पवई तलावापर्यंतची विसर्जनाची मिरवणूक, लाखांचा हिशोब आणि शेवटी एक एक रुपया फलकावर लिहून लावतो. पगार? काही नाही. उलट खिशातून घालतो.

हाच माणूस सोमवारी कामावर आला आणि टेपचा नवा रोल हवा म्हणून इंडेंटवर, म्हणजे मागणीच्या कागदावर, तीन सह्या घ्यायला फिरत होता.

मला त्या दिवशी खरंच लाज वाटली. आपण ज्याला मोटिवेशन नाही म्हणतो त्याच्याकडे ते पोतंभर होतं, फक्त तो ते आमच्या गेटच्या बाहेर ठेवून आत येत होता. आणि का ठेवणार नाही? मंडळात निर्णय त्याचा. मंडळात काम जमतंय की नाही ते त्याला त्याच रात्री दिसतं, मंडप उभा राहिला की राहिला. आणि तिथे चार माणसं त्याला नावाने ओळखतात, त्याच्याशिवाय अडतं. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन म्हणून दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी १९७० च्या दशकापासून आयुष्यभर हेच अभ्यासलं आणि साधारण ह्याच तीन गोष्टींवर आले, की माणसाला आपलं आपण ठरवायला मिळावं, आपल्याला काहीतरी जमतंय हे कळावं, आणि आपण कुणाचे तरी आहोत असं वाटावं. त्यांचं वाचायच्या आधी मला ते भांडुपच्या मंडपामागे दिसलं एवढंच.

इथे एक सावधगिरी, कारण ही गोष्ट मी मालक लोकांना सांगतो तेव्हा त्यांच्या डोळ्यात एक चमक येते, म्हणजे फुकट काम करून घेता येईल असं. नाही येणार. मंडळाचा नफा कुणाच्या घरी जात नाही, तुमचा जातो, आणि त्यात चूक काही नाही पण माणसाला ते पक्कं माहीत असतं. त्यामुळे 'आपण सगळे एक फॅमिली' वगैरे कृपा करून बोलू नका, जेव्हा जेव्हा मी हे वाक्य मीटिंगमध्ये ऐकलंय तेव्हा त्याच्या पुढचं वाक्य रविवारी यायला लागेल असंच होतं. मंडळासारखं वागवायचं असेल तर अधिकार द्या, पण पगार कंपनीसारखाच द्यायचा.

आता पैशाचं सांगून टाकतो, कारण त्यावर दोन टोकाचे लोक आहेत. एक म्हणतात पैसाच सगळं, दुसरे म्हणतात पैशाने माणूस मोटिवेट होत नाही, आणि हे दुसरे बहुतेक स्वतः चांगल्या पगारावर असतात. अमेरिकेत हेन्री फोर्डच्या मोटारींच्या कारखान्यात १९१३ साली माणसं सोडून जायचं प्रमाण वर्षाला ३७० टक्के होतं, म्हणजे एकेका जागेवर वर्षात तीन-चार माणसं येऊन जायची, कारण असेम्ब्ली लाइनवर दिवसभर तेच तेच करून डोकं बधिर व्हायचं. जानेवारी १९१४ मध्ये त्याने दिवसाला ५ डॉलर जाहीर केले, जवळपास दुप्पट, आणि नऊ तासांचे आठ तास केले. गळती खूपच कमी झाली, गेटवर रांगा लागल्या. म्हणजे पैशाने माणूस थांबतो, हे मान्यच करायला पाहिजे. फक्त फोर्डने त्या बदल्यात कामगारांच्या घरी माणसं पाठवली, दारू पितो का, घर स्वच्छ आहे का बघायला, ते वेगळं प्रकरण.

तर पगार बाजारभावाच्या खाली असेल तर पुढचं काही वाचूच नका, आधी तो नीट करा. बाजारभावाच्या आसपास असेल तर मग आकड्यापेक्षा दोन गोष्टी जास्त बोचतात. एक म्हणजे तारीख. तुम्ही 'वेळेवर' म्हणताय म्हणजे नक्की कधी? कायद्याला सात तारीख चालते, पण डोंबिवलीच्या वन बीएचकेचा हप्ता पाच तारखेला कापला जातो, खात्यात पैसे नसले की बँक वरून दंड लावते, आणि तो माणूस पाच तारखेला तुमच्या गोदामात उभा राहून मेहुण्याला फोन करत असतो दोन दिवसांसाठी दे म्हणून. त्या दिवशी त्याच्याकडून कसलं मन लावून काम. आमच्याकडे सातची एक तारीख केली, एक रुपया जास्त खर्च झाला नाही, अकाउंट्सवाल्याने महिनाभर तोंड वाकडं केलं तेवढंच. तसंच उचल. जून महिन्यात शाळेच्या फीसाठी माणूस पाच हजार मागतो तेव्हा त्याला सात दिवस फिरवून देणं आणि त्याच दिवशी देणं, रक्कम तीच आहे पण त्याला ते दहा वर्षं लक्षात राहतं, दोन्ही बाजूंनी.

दुसरी गोष्ट शेजारच्याचा पगार. सहा वर्षं असलेला पॅकर १९ हजारावर आणि काल आलेला २३ वर, कारण बाजारात आता माणूस २३ शिवाय मिळत नाही. आपल्याला वाटतं कुणाला कळत नाही. अहो, पगाराचा मेसेज आला की चहाच्या टपरीवर दहा मिनिटांत सगळ्यांना सगळं कळतं. त्या जुन्याला चार हजारांचं दुःख कमी असतं, आपल्याला गृहीत धरलं ह्याचं जास्त असतं. तुमच्या १४ पैकी किती जण तीन वर्षांच्या वरचे होते ते बघा, मी पैज लावतो.

फ्रेडरिक हर्झबर्ग या मानसशास्त्रज्ञाने १९५९ साली अमेरिकेतल्या पिट्सबर्गकडच्या २०० च्या आसपास इंजिनिअर आणि अकाउंटंट लोकांना विचारून एक गोष्ट मांडली होती जी मला अजून कामाला येते, की ज्या गोष्टींनी माणूस वैतागतो आणि ज्यांनी तो खुलतो त्या वेगळ्या वेगळ्या असतात. पगार, कामाची जागा, नियम, साहेबाचं वागणं, हे बिघडलं की माणूस वैतागतो, पण हे सगळं नीट केलं तरी तो नुसता वैतागायचा थांबतो, खुलत नाही. खुलतो तो काम जमल्यावर, कुणीतरी ते ओळखल्यावर, जबाबदारी मिळाल्यावर. पहिल्या गटाला त्याने नाव दिलं हायजीन फॅक्टर, हायजीन म्हणजे स्वच्छता, आणि हे नाव मला भिवंडीत अगदी शब्दशः भेटलं. पॅकिंगला १८ बायका होत्या, दुपारनंतर त्यांचं काम खूप मंदावायचं, सुपरवायझर म्हणायचा जेवून सुस्तावतात. एकीने शेवटी आमच्या रिसेप्शनवरच्या मुलीला सांगितलं, मला नाही, की बाथरूमची कडी तुटलीय, आतून एकीने दार धरून उभं राहायला लागतं, म्हणून त्या सकाळपासून पाणीच पीत नव्हत्या. मे महिना, वर पत्रा. कडी ६० रुपयाची. मी त्या आधीच्या महिन्यात तिथेच भिंतीवर 'टीमवर्क'चं पोस्टर लावलं होतं, नावाड्यांचा फोटो असतो बघा तेच. कडी लागल्यावर कुणी खुलून नाचलं नाही, पण दुपारचं काम रुळावर आलं आणि मुख्य म्हणजे त्या बायका त्यानंतर माझ्याशी बोलायला लागल्या.

लेट मार्कवर थोडं जास्त लिहितो कारण मुंबईत माणसाचं मन सगळ्यात जास्त तिथे मोडतं. बदलापूरवरून साकीनाक्याला येणारी मुलगी काय करते, घरातून सकाळी लवकर निघते, ट्रेनमध्ये एका पायावर उभी राहून घाटकोपर, तिथून मेट्रोची ती लाइन, आणि ९:३० च्या ऐवजी ९:४२ ला पंच करते. तीन लेट मार्क म्हणजे हाफ डे कट, बहुतेक ठिकाणी हाच नियम. आता बघा काय होतं. दोन लागले की तिसऱ्या वेळी उशीर होतोय असं ठाण्यालाच कळलं तर ती म्हणते कट होणारच आहे तर मग दुपारीच जाऊ, नाहीतर आजारी पडते. म्हणजे १२ मिनिटांसाठी तुम्ही चार तास घालवले. इस्राएलमध्ये हैफा शहरात दहा पाळणाघरांवर एक प्रयोग झाला होता, उरी ग्नीझी आणि आल्दो रुस्तिकिनी यांचा, २००० साली छापून आला. पालक मुलांना न्यायला उशिरा यायचे म्हणून काही पाळणाघरांनी दंड लावला, तर उशिरा येणारे वाढले, जवळपास दुप्पट झाले, कारण आधी त्यांना बाईंसमोर ओशाळल्यासारखं व्हायचं, आता वाटायला लागलं पैसे भरतोय ना. आणि दंड काढून टाकल्यावरही ते पहिल्यासारखे झाले नाहीत. लेट मार्कचं हेच आहे, एकदा त्याची किंमत ठरली की माणूस ती किंमत भरून मोकळा होतो.

आम्ही पवईला ९ ते १०:३० मध्ये कधीही या आणि आपले तास भरा असं केलं. पहिले दोन आठवडे गोंधळ झाला, एकदा दहापर्यंत फोन उचलायला कुणीच नव्हतं, मग त्यांना सांगितलं की ९ ला दोघं पाहिजेत, कोण ते तुम्ही आपसात ठरवा. ठरवलं त्यांनी. ठाण्याचे दोघं लवकर यायला लागले आणि लवकर पळायला लागले, बदलापूर-विरारवाले उशिरा. गोदामाला असं पूर्ण नाही जमणार, ट्रक लागतो तेव्हा माणूस लागतो, हे मला कळतं. पण वरच्या ऑफिसात काय अडचण आहे? मध्य रेल्वेसुद्धा ऑफिसांना वेळा पुढेमागे करा म्हणून सांगत फिरते, गर्दीसाठी.

आणि गणपतीची रजा. ह्याच्याइतका मनाचा चुराडा करणारा विषय मी बघितला नाही. भिवंडीच्या गोदामात आमच्याकडे निम्मी माणसं कोकणातली, सगळ्यांना त्याच सात दिवसांत गावी जायचंय, आणि सुपरवायझर काय म्हणायचा, "बघू." २०१६ ला गणपती ५ सप्टेंबरला होते, तेव्हा रेल्वेचं रिझर्वेशन १२० दिवस आधी उघडायचं, म्हणजे मे महिन्याच्या सुरुवातीलाच. सुपरवायझरचं 'बघू' ऑगस्टपर्यंत चालायचं, तोपर्यंत कोकण रेल्वेचं तिकीट कुठलं, मग माणूस खासगी बसला तिप्पट पैसे देणार नाहीतर न सांगता गायब होणार, आणि आल्यावर मेमो. दर वर्षी गणपतीनंतर आमचे चार-पाच जण जायचे आणि आम्ही म्हणायचो ह्यांना नोकरीची किंमत नाही.

त्या वर्षी एप्रिलमध्ये मी कॅन्टीनमध्ये एक कोरा तक्ता लावला. वर लिहिलं, कोणत्या दिवशी कमीत कमी किती माणसं लागतील, डिस्पॅचला एवढी, इनवर्डला, म्हणजे माल उतरवून घ्यायला, एवढी. खाली म्हटलं नावं तुम्ही भरा, मी किंवा सुपरवायझर हात लावणार नाही, ३० एप्रिलला जे असेल ते फायनल. मला वाटलं मारामारी होणार. तीन दिवस आवाज चढले पण, खोटं कशाला बोलू. मग त्यांनी स्वतःच असं काढलं की ज्यांच्या घरी मूळ गणपती बसतो ते पूर्ण पाच दिवस, बाकीचे गौरीला दोन दिवस आळीपाळीने, मागच्या वर्षी गेलेले यंदा मागे, आणि यूपीची जी पोरं होती त्यांनी म्हटलं आम्ही थांबतो पण आम्हाला छठला असंच सोडायचं. एका मुसलमान फोर्कलिफ्टवाल्याने दोन डबल शिफ्ट घेतल्या, ईदला परत घेतल्या त्याच्यासाठी दुसऱ्यांनी. मी २० वर्षांत एवढा न्याय्य तक्ता बनवू शकलो नसतो, कारण कुणाच्या घरी मूळ गणपती बसतो हे एचआरला कुठे माहीत असतं. त्या गणपतीनंतर एकही जण सोडून गेला नाही. आता रिझर्वेशन ६० दिवसांवर आलंय, नोव्हेंबर २०२४ पासून, म्हणजे तुम्हाला थोडा वेळ जास्त मिळतो, पण 'बघू' हा शब्द गोदामातून हद्दपार करा. नाही म्हणा, चालेल, पण वेळेत म्हणा.

एम्प्लॉयी ऑफ द मंथबद्दल दोनच ओळी. पहिल्या महिन्यात खरा चांगला माणूस निवडतात, दुसऱ्या महिन्यात त्याच्या शेजारचा रुसू नये म्हणून तो, आणि सहाव्या महिन्यापर्यंत त्याची भिशी झालेली असते, ह्या महिन्यात कुणाचा नंबर. तुमच्याकडे पण झालीय बहुतेक, शेवटचे पाच फोटो काढून बघा.

इन्सेंटिव्ह मात्र जपून. आम्ही पिकिंगवाल्यांना, म्हणजे ऑर्डरप्रमाणे रॅकवरून माल काढणाऱ्यांना, नगामागे पैसे लावले, आठवड्यात नग वाढले, मीच पार्टी दिली. महिन्याने रिटर्न यायला लागले, साइज चुकीची, रंग चुकीचा. हलका माल सगळे उचलायचे, वरच्या रॅकवरचे जड खोके तसेच पडून, आणि नवीन पोराला शिकवायला कुणी तयार नाही कारण शिकवण्यात आपले नग जातात. माणसं लबाड नव्हती, आम्ही जे मोजलं ते त्यांनी दिलं. नंतर पूर्ण शिफ्टचा एकत्र, चुका वजा करून असा केला, रक्कम लहान ठेवली, तेव्हा जरा ठीक झालं. डबेवाल्यांचं उदाहरण प्रत्येक ट्रेनर देतो, सिक्स सिग्मा म्हणजे जवळजवळ शून्य चुका वगैरे, पण त्यातली कामाची गोष्ट कुणी सांगत नाही, की तिथे कुणी कुणाचा नोकर नाही, गटाची कमाई सारखी वाटली जाते आणि गिऱ्हाईक गेलं तर नुकसान गटातल्या प्रत्येकाचं. ती मालकी आहे, ट्रेनिंगने येत नाही.

मग सुपरवायझर. माझे वडील परळच्या गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. ते गिरणीबद्दल क्वचित बोलायचे, जॉबरबद्दल, म्हणजे खात्याच्या मुकादमाबद्दल, रोज. कुठला जॉबर बदली कामगाराला, म्हणजे कायम नसलेल्याला, पाळी देताना माणूस बघतो आणि कुठला चहापाणी बघतो, हे त्यांच्या बोलण्यात असायचं. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाख माणूस बाहेर, आपण आता म्हणतो पगार-बोनसासाठी होता, तो होताच, बदलीवाल्यांना कायम करा हेही होतं, पण आपल्या वतीने कोणती युनियन बोलणार हे आपल्याला ठरवू द्या हीसुद्धा मोठी मागणी होती, १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने ते त्यांच्या हातात नव्हतं. वडील म्हणायचे पैशासाठी आम्ही सहा महिने टिकलो असतो, पुढचं सगळं 'आमचं ऐका'साठी होतं. पुढे काय झालं ते लालबाग-परळला जाऊन बघा, टॉवर उभे आहेत.

तर तुमच्या ४२ जणांसाठी कंपनी म्हणजे तुम्ही नाही, तुमचे ते दोन सुपरवायझर आहेत. ते कसे बोलतात हे तुम्हाला कधी ऐकू येत नाही कारण तुम्ही खाली उतरलात की आवाज बदलतो. मी ज्यांना चांगला सुपरवायझर म्हणतो ते काही गोड बोलणारे नव्हते, एक तर शिव्याच द्यायचा, पण माणसाची चूक झाली तर साहेबासमोर आधी स्वतः उभा राहायचा, आणि काम चांगलं झालं तर नाव घेऊन सांगायचा. आपल्याकडे चांगलं म्हटलं की माणूस शेफारतो अशी एक समजूत आहे, घरातूनच येते ती. नाही शेफारत. फक्त 'गुड जॉब' नका म्हणू, ते व्हॉट्सॲपच्या अंगठ्यासारखं आहे. काय चांगलं केलं ते सांगा, काल पावसात ट्रक उशिरा आला तरी तू खोकी कोरडी उतरवलीस असं.

अजून एक छोटी गोष्ट जी स्वस्त आहे. ॲडम ग्रँट या मानसशास्त्रज्ञाचा २००७ चा एक अभ्यास आहे, अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठासाठी फोनवरून देणग्या मागणाऱ्या मुलांना त्या पैशातून शिष्यवृत्ती मिळालेला एक विद्यार्थी पाच मिनिटं भेटवला, महिन्याभराने त्यांचा फोनवरचा वेळ १४२ टक्क्यांनी वाढलेला आणि जमवलेली रक्कम १७१ टक्क्यांनी. मला आकडे जरा जास्तच वाटले होते पण आम्ही करून बघितलं, आमच्याकडे सर्जिकल माल होता, तर दर महिन्याला दोन पॅकर घेऊन परळच्या एका हॉस्पिटलच्या स्टोअरमध्ये जायचो. तिथल्या बाईंनी दाखवलं की खोक्यावरचं लेबल उलटं लागलं की त्यांना रात्री दोन वाजता काय शोधावं लागतं. परत येऊन ह्या पोरींनी स्वतःच लेबलची जागा बदलून घेतली, कुणी सांगितलं नव्हतं. तुमचा माल काय आहे ते लिहिलं नाहीये तुम्ही, पण कुणीतरी तो वापरतच असेल ना.

काही माणसं अशीही असतील ज्यांना यातलं काही नको, नऊ ते सहा काम, पगार, घरी जाऊन भजनी मंडळ किंवा पोरीचा अभ्यास. त्यांना त्रास देऊ नका, त्यांच्यावर पण गोदाम चालतं.

आता तुम्ही काय करायचं. नवीन स्कीम काहीही काढू नका तूर्तास. आधी त्या १४ जणांची यादी काढा. एक्झिट इंटरव्ह्यूचे फॉर्म असतील तर फेकून द्या, जाताना प्रत्येक जण 'चांगली संधी' किंवा 'घरगुती कारण' लिहितो कारण त्याचं फुल अँड फायनल आणि रिलीव्हिंग लेटर तुमच्याकडे अडकलेलं असतं. कुणाचा हिशोब अजून राहिला असेल तर तो आधी चुकता करा, मगच फोन. रविवारी संध्याकाळी करा, स्वतः, एचआरला सांगून नाही. परत ये म्हणायचं नाही, का गेलास पण विचारायचं नाही. एवढंच विचारा, की सोडायचं मनात पहिल्यांदा कधी आलं, त्या दिवशी काय झालं होतं. आणि मग गप्प बसून ऐका, मध्ये आपली बाजू मांडू नका, ते फार अवघड जातं मला माहितीये. चार-पाच जण टाळतील, दोघं-तिघं फोन उचलणार नाहीत. बाकीचे एखादा दिवस सांगतील, एखादं वाक्य, एखादी नाकारलेली रजा, आणि बघा, दोनच नावं पुन्हा पुन्हा येतील.